पंधराव्या वर्षातली गाडी

आमच्या वर्कशॉपमध्ये बिघडलेल्या गाड्या फारशा येत नसत. चांगल्या चालत्या गाड्या यायच्या आणि त्यांचे मालक एकच प्रश्न विचारायचे, "पहाडात जाईल ना?" त्या प्रश्नाचं उत्तर देणं हेच माझं काम होतं. एकोणीस वर्षं मी ते केलं.

मी मूळची कऱ्हाडची. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात लागले, तेही ब्रेकच्या तपासणीवर. कंपनीच्या बसने जायचं, उभं राहायचं आणि पुढ्यात सरकत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा ब्रेक दाबून बघायचा. पुढे मुलगी झाल्यावर शिफ्ट जमेनात, तेव्हा नोकरी सोडली आणि कारखान्यातलेच जुने मिस्त्री इक्बालभाई यांच्याबरोबर गुडगावच्या एका गल्लीत शेड घेतली. इक्बालभाई हरियाणातल्या नूहकडचे. गाडीच्या पोटाला हात लावून ताप सांगावा तसा माणूस. हात त्यांचे, कागद आणि बोलणं माझं, अशी वाटणी होती. गुडगावात हळूहळू असं झालं, की मे महिना आला की लोक म्हणायचे, पहाडात जायच्या आधी त्या मराठी सुजाता मॅडमना गाडी दाखवून आण.

पहाडासाठी गाडी तयार करायची म्हणजे काय करायचं, हे थोडक्यात सांगते. गाडी चढेल का याची सगळ्यांना काळजी असते. खरी काळजी उतरण्याची. सपाट दिल्लीत राहणाऱ्याला उतार म्हणजे फ्लायओव्हरवरून खाली येणं. पहाडात उतार तास-तासभर संपत नाही. माणूस ब्रेकवर पाय ठेवून बसतो, चाकं तापतात, ब्रेकचं तेल तापतं. ते तेल हवेतलं पाणी शोषून घेतं, त्यामुळे जुनं झालेलं तेल तापलं की त्यात वाफ होते, आणि पाय दाबला तर पॅडल नुसतं खाली जातं. म्हणून तेल बदलायचं, पॅड बघायचे आणि मालकाला बसवून शिकवायचं, की ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, गाडीचं ओझं इंजिनावर ठेवायचं. बाकी टायर, रबराचे पाइप, बॅटरी, स्टेपनी. स्टेपनी तर दहातल्या सात जणांची बसलेली निघायची.

माझी मुलगी शाळेत असताना मी कुणालातरी फोनवर म्हणाले, "घाट उतरताना दुसरा गिअर ठेवा." ती म्हणाली, "आई, घाट तर नदीला असतो ना? गाडी पानी में क्यों जाएगी?" दिल्लीत वाढलेल्या मुलांची ही गंमत. तिला घाट म्हणजे काय ते सांगताना मी खंबाटकीचं वळण न् वळण सांगत गेले, आणि सांगता सांगता लक्षात आलं, की इथले पहाड मी पाहिलेलेच नाहीत. एकदा शिमल्यापर्यंत गेले होते. मला गाडी लागते. दुसरा कुणी चालवत असेल तर तिसऱ्या वळणाला माझी मान खिडकीबाहेर. इक्बालभाई हे गिऱ्हाइकांना मोठ्या आनंदाने सांगायचे.

पण मनाने मी प्रत्येक गाडीबरोबर जायचे. सकाळी गाडी निघाली की दुपारी शेडमधल्या पंख्याखाली बसून वाटायचं, आता पानिपत मागे पडलं असेल, आता चंदीगडच्या पुढे हवा बदलली असेल, आता पहिलं देवदार दिसलं असेल. परत आलेले लोक सांगायचे, कुठे रस्त्याच्या खाली ढग होते, कुठे नदीचा रंग दुधासारखा होता. गल्लीत बाहेर ऊन आग ओकत असायचं आणि माझ्या डोळ्यांपुढे ते सगळं असायचं. टायर तपासताना मी त्यांच्यावर हात फिरवायचे, तो झीज बघायला. पण थोडंसं असंही वाटायचं, की हे आता कुठे कुठे जाणार.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पुण्याचे एक आयटीतले मॅनेजर चौदा पानांची यादी करून आले होते. त्यात ऑक्सिजनचा डबा होता, तीन प्रकारच्या दोऱ्या होत्या, मिरचीचा ठेचासुद्धा होता. गाडीत जॅकचा पाना मात्र नव्हता. एका जोडप्याने गाडीभर डोंगरांची चित्रं चिकटवून घेतली होती, आणि नवरा म्हणाला, "मॅडम, चढावर एसी बंद करावा लागतो हे तिला आत्ता सांगू नका, प्लीज."

आणि एक होता, ज्याचा चेहरा मी विसरत नाही. कारखान्यात काम करणारा हसतमुख माणूस, पहिल्यांदाच बायकोला घेऊन मनालीला चालला होता. त्याच्या गाडीचा डावीकडचा मागचा टायर जुना होता. खाच दिसत होती, पण रबर कडक झालं होतं, बाजूला बारीक चिरा होत्या. मी म्हटलं, बदलून घ्या. तो म्हणाला, "आल्यावर नक्की." सुट्टी सुरू झाली होती, बायको गाडीत बसली होती. मी एकदाच सांगितलं आणि सोडून दिलं. येताना उतारावर तो टायर फुटला. गाडी सुदैवाने डोंगराच्या बाजूला घासत गेली. त्याचा हात मोडला, बायकोच्या कपाळावर टाके पडले. पुढे तो मिठाई घेऊन आला, हात गळ्यात बांधलेला, आणि म्हणाला, "आपने तो बोला था." मी बोलले होते, पण एकदाच. त्या दिवसापासून मी भित्री झाले. जरा शंका आली की 'नको' म्हणायचे.

शैलाताई आल्या त्या माझ्या या भित्र्या दिवसांत.

शैलाताई जगदाळे म्हणजे अडुसष्ट वर्षांच्या, दिल्लीच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. ताठ, सडपातळ, कापलेले पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. बरोबर त्यांचे यजमान विश्वासराव, सरकारी खात्यात भाषांतरकार होते ते. हे मयूर विहारचं जोडपं यमुना ओलांडून गुडगावला आलं होतं ते कुणीतरी मराठी मंडळात माझं नाव सांगितलं म्हणून. गाडी शैलाताई चालवत होत्या. विश्वासराव गाडी चालवायला कधी शिकलेच नाहीत. ते शेजारी बसायचे, खिडकीवरचा दांडा धरून.

गाडी पांढरी, छोटी, पेट्रोलवर चालणारी. चौदा वर्षं पूर्ण होऊन पंधरावं चालू. दिल्लीत पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षं झाली की ती रस्त्यावर ठेवता येत नाही, एक तर दुसऱ्या राज्यात द्यायची नाही तर मोडीत काढायची. शैलाताईंच्या गाडीची मुदत ऑक्टोबरअखेर संपत होती.

"दुसऱ्याला देणार नाही मी ही," त्या म्हणाल्या. "मोडीतच काढीन. पण त्याआधी हिमाचलात किन्नौरला जायचंय. छितकुलपर्यंत. तिथे रस्ता संपतो म्हणतात."

मी सहज विचारलं, "आधी गेला आहात पहाडात?"

"पंचवीस वर्षं. मुलींचे कॅम्प घेऊन जायचे ना. बसमधून. पण ताई, मी पहाडात नुसत्या मुली मोजत फिरले. चढताना मोजायच्या, उतरताना मोजायच्या, कुणाला उलटी झाली, कुणाची टोपी राहिली. खिडकीबाहेर कधी पाहिलंच नाही."

विश्वासरावांनी पिशवीतून एक वही काढली. रस्त्यातल्या गावांची नावं त्यांनी सुंदर अक्षरात लिहून काढली होती, कारण पुढे फोनला रेंज नसते. नारकंडा, रामपूर, टापरी, करछम, सांगला. बॉनेटवर वही ठेवून त्यांनी मला एकेक नाव वाचून दाखवलं. तो जूनचा महिना होता, शेडचा पत्रा तापला होता, आणि आम्ही तिघं ती नावं अशी वाचत होतो की जणू पाणी पीत होतो.

इक्बालभाईंनी गाडी वर उचलून पाहिली. खाली आणून हात पुसत म्हणाले, "बहुत सँभाल के रखी है." टायर बदलावे लागणार होते, ब्रेकचं सगळं काम करावं लागणार होतं, दोन पाइप कडक झाले होते, क्लचप्लेट संपत आली होती. पण सांगाडा खणखणीत होता. मी शैलाताईंना सांगितलं, गाडी ठेवून जा, दोन दिवसांत कळवते.

दुसऱ्या दिवशी बंगळूरहून फोन आला. त्यांचा मुलगा, अमेय.

"मॅडम, एक रिक्वेस्ट होती. आई तुमचं ऐकेल. तुम्ही गाडी पहाडात जाण्यासारखी नाही असं सांगा."

"पण ती जाण्यासारखी आहे."

"मॅडम, आई अडुसष्ट वर्षांची आहे. बाबांना गाडी येत नाही. मध्येच तिला काही झालं तर? मी इथून काय करणार? मी सांगितलं तर ती भांडेल. तुम्ही सांगितलंत तर ते टेक्निकल होईल." मग म्हणाला, "तुमचे आईवडील असते तर तुम्ही पाठवलं असतं का?"

त्या माणसाचा आवाज वाईट नव्हता. खरोखर घाबरलेला होता. मला गळ्यात हात बांधून मिठाई घेऊन आलेला तो माणूस आठवला. मी दिवसभर विचार केला आणि संध्याकाळी शैलाताईंना फोन करून सांगितलं, की गाडीच्या सांगाड्याला खालून गंज लागला आहे, पहाडातले धक्के ती सोसणार नाही.

त्या म्हणाल्या, "बरं. तुम्ही बघितलंय म्हटल्यावर." सकाळी येऊन गाडी घेऊन गेल्या. गल्लीच्या वळणावर त्यांनी इंडिकेटर दिला, एवढ्या छोट्या गल्लीत कुणी देत नाही.

इक्बालभाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी तो दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. दुपारी डबा उघडताना एवढंच म्हणाले, "मैडमजी, गाड़ी पे झूठ नहीं बोलना चाहिए था."

आठवडाभराने मी एका कामासाठी बाहेर गेले होते. परत आले तर शेडमध्ये ती पांढरी गाडी उभी, आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले. कॅनव्हासचे बूट. इक्बालभाई भिंतीपाशी हाताची घडी घालून छताकडे बघत उभे.

मी जवळ गेले. खालून शैलाताईंचा आवाज आला, 'तुम्ही'वरून थेट 'तू'वर आलेला, "सुजाता, आलीस का? इकडे ये. गंज कुठे आहे तो दाखव."

मी खाली वाकले. शैलाताई जमिनीवर चटई टाकून उताण्या पडल्या होत्या, हातात टॉर्च. अडुसष्ट वर्षांची बाई.

"मी मयूर विहारपासून इथपर्यंत तीन मिस्त्र्यांना दाखवली. कुणालाच सापडत नाही. इक्बालभाईंना विचारलं तर ते म्हणतात मॅडमला विचारा. म्हणून म्हटलं, आपणच बघू."

मी म्हटलं, "शैलाताई, बाहेर या."

"तू आत ये."

मी आत गेले नाही. तिथेच उकिडवी बसून खरं सांगितलं. अमेयचा फोन, त्या टायर फुटलेल्या माणसाची गोष्ट, माझी भीती. टॉर्चचा उजेड गाडीच्या पोटावर स्थिर होता. मग त्या सरकत बाहेर आल्या, उठून बसल्या. पाठीला ग्रीस लागलं होतं.

"माझ्याबद्दल शंका असेल तर माझं नाव घ्यायचं," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. शाळेत मुलींनाही त्या अशाच बोलत असतील. "गाडीवर आळ कशाला घेतलास? आठ दिवस मी तिच्यात बसताना हळू बसतेय, माहितीये? लागेल तिला म्हणून."

कामाच्या एवढ्या वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी राहू दे. माझी तपासणी कर. गाडीची करतेस तशी. आणि जे निघेल ते मला सांग, अमेयला नको."

म्हणून दोन दिवसांनी सकाळी आम्ही गुडगावजवळच्या सोहन्याकडे गेलो. तिथे अरावलीचा एक छोटासा चढ-उतार आहे. हिमालयापुढे तो म्हणजे अंगणातली पायरी, पण हात कळायला पुरतो. शैलाताई चालवत होत्या, मी शेजारी, हातात लिंबू. मागे इक्बालभाई, माझ्याकडे बघून हसू दाबत.

त्यांचा हात सुरेख होता. वळणाच्या आधी वेग कमी, वळणात एकसारखा, उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन घुमत होतं आणि ब्रेकवर पाय फक्त टेकायचा. मला गाडी लागली नाही. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या हातची गाडी मला डोंगरावर लागली नाही. मी लिंबू खाली ठेवून चक्क बाहेर बघायला लागले. सकाळचं कोवळं ऊन बाभळींवर पडलं होतं, खाली शेतांवर धूसर धुरळा तरंगत होता, आणि क्षणभर मला वाटलं की आपण टापरीच्या पुढे आलो आहोत.

तेवढ्यात वळण घेतल्यावर सूर्य समोर आला. समोरून एक सायकलवाला येत होता, दुधाचे कॅन लावलेला. मला तो दिसला, इक्बालभाईंना दिसला. शैलाताईंना दिसला नाही. इक्बालभाई ओरडले तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला. गाडी वेळेत थांबली, सायकलवाला बाजूने निघून गेला.

मी त्यांना गाडी बाजूला घ्यायला सांगितलं. समोर पन्नास पावलांवर एक पाटी होती. "काय लिहिलंय?"

त्यांनी डोळे बारीक केले.

"ऊन आहे," त्या म्हणाल्या.

"हो. पहाडात प्रत्येक दुसऱ्या वळणाला असंच ऊन समोर येईल. शैलाताई, गाडी जाईल. हातही जातील. डोळे आधी दाखवून घ्या. त्याशिवाय मी 'जा' म्हणणार नाही. आणि हे मी एकदाच सांगून सोडणार नाही, रोज फोन करीन."

त्यांना राग आला. परत येताना त्यांनी इक्बालभाईंना पुढे बसायला आणि गाडी चालवायला सांगितलं, आणि स्वतः मागे बसल्या. अर्थात परतीच्या वाटेवर मला गाडी लागली.

मी खरोखर रोज फोन केला. पाचव्या दिवशी विश्वासरावांनी उचलला आणि म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणतात, पूर्वीच यायला हवं होतं." जुलैत एक डोळा झाला, ऑगस्टमध्ये दुसरा. सप्टेंबरमध्ये त्या आल्या ते शेडमध्ये पाऊल टाकताच म्हणाल्या, "अगं, तुमच्या भिंतीला निळा रंग आहे! मला वाटायचं, दिल्लीची हवाच पिवळी असते." डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिल्याचा कागद त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला. आम्ही कामाला लागलो. नवे टायर, ब्रेकचं सगळं नवं, क्लचप्लेट, पाइप. इक्बालभाईंनी त्या गाडीचा एकेक नट असा आवळला, की जणू घरच्या लग्नाची तयारी चालली आहे.

अमेयला मी आधीच फोन केला होता. म्हटलं, "मी तुमच्या आईशी खोटं बोलले होते ते मागे घेतलं आहे. गाडी चांगली आहे, त्यांचे डोळे आता चांगले आहेत." तो म्हणाला, "काही झालं तर तुम्ही बघा मग." आणि फोन ठेवला.

पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी ते दोघं निघाले. विश्वासराव शेजारी, मांडीवर वही. मी नेहमीसारखी मनाने मागच्या सीटवर बसले. पहिल्या दिवशी चंदीगडहून फोन, दुसऱ्या दिवशी नारकंड्याहून. सफरचंदांचे ट्रक फार आहेत, म्हणाल्या, सगळ्या रस्त्याला वास येतोय. तिसऱ्या दिवशी रामपूरहून. मग काहीच नाही.

चौथा दिवस गेला. पाचव्या दिवशी बातम्यांत आलं, की किन्नौरमध्ये दरड कोसळून रस्ता बंद झाला आहे. अमेयचा फोन आला, मग दर दोन तासांनी यायला लागला. तो रागावला नाही, हेच मला जास्त जड गेलं. तो फक्त विचारायचा, "काही कळलं?" मी म्हणायचे, "नाही." शेवटी आम्ही इकडचं तिकडचं बोलायला लागलो, फोन ठेवायचा धीर होईना म्हणून. त्याने सांगितलं, लहानपणी शाळेत त्याची आईच त्याची शिक्षिका होती आणि धावण्याच्या शर्यतीत त्याला कधीही ओळख दाखवायची नाही. मी त्याला ब्रेकबद्दल सांगितलं, टायरबद्दल सांगितलं, काय काय नवं घातलं ते पुन्हा पुन्हा सांगितलं. इक्बालभाई दुपारच्या नमाजाहून येताना थोडे जास्त वेळ थांबून येऊ लागले. मी हातातलं काम सोडून रस्त्याकडे बघत बसायचे. हजार गाड्या तयार करून पाठवल्या असतील. एखादी परत यावी म्हणून इतकं कधी वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"सुजाता, मी शैला. अमेयला आत्ताच केला होता, तो रडायला लागला, काय झालंय त्याला?" रस्ता त्यांच्या पुढे पाच-सहा वळणांवर बंद झाला होता. त्यांनी गाडी वळवून जवळच्या गावात नेली, एका सफरचंदवाल्याच्या घरी राहिले, फोनची लाइन पडली होती. "आम्ही मजेत आहोत. सफरचंदं निवडतोय. मोठी एका पेटीत, लहान एका पेटीत. त्यांच्याकडे माणसं कमी आहेत. उद्या रस्ता उघडेल म्हणतात. पुढे जाऊ ना? गाडीला काही झालेलं नाही."

मी म्हटलं, "जा."

ते पुढे गेले. सांगला, छितकुल, मग मागे येऊन कल्पा. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी शेडच्या दारात येऊन उभी राहिली, काचेपर्यंत धुळीने भरलेली. शैलाताई उतरून थेट इक्बालभाईंकडे गेल्या आणि कुठल्या वळणाला कुठला गिअर टाकला ते हातवारे करून सांगायला लागल्या. विश्वासराव माझ्याजवळ स्टुलावर बसले. उन्हाने त्यांचं नाक सोललं होतं.

"तुम्हाला एक सांगायचंय," ते हळू आवाजात म्हणाले. "अमेयने तुम्हाला फोन केला होता ना, जूनमध्ये? तो मी करायला लावला होता."

बॉनेटवर वही ठेवून गावांची नावं वाचून दाखवणारा हाच माणूस.

"नावं लिहायला मला आवडत होतं. जायचं म्हटलं की भीती वाटायची. तिला सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुम्ही राहा घरी, मी जाते. आणि ती गेली असती. ते मला नको होतं."

"मग आता? त्यांना माहीत आहे?"

"सांगितलं. त्या गावात, सफरचंदं निवडताना. दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून धीर झाला."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, ते मोठं आहे, त्या पेटीत टाका." विश्वासराव हसले. "मग पेटी भरल्यावर म्हणाली, भीती वाटली की मला सांगत जा, मी हळू चालवीन. तेव्हापासून मी सांगत होतो. आणि ती हळू चालवत होती. सांगल्यापर्यंत मी दांडा सोडला होता."

महिनाअखेरीला त्या दोघांबरोबर मीही गाड्या मोडीत काढतात त्या यार्डात गेले. शैलाताईंनीच बोलावलं होतं. मोठं मोकळं मैदान, उन्हात शेकडो गाड्या रांगेने उभ्या. काहींच्या मागच्या काचेवर अजून मुलांची नावं होती, एकीत देवाची छोटी मूर्ती तशीच होती. इतकी शांतता मी गाड्यांच्या गर्दीत कधी ऐकली नव्हती. बघता बघता मला वाटायला लागलं, यातली प्रत्येक गाडी कुठे ना कुठे जाऊन आली असेल, समुद्रावर, माहेरी, दवाखान्यात, आणि सगळ्या आता एकमेकींना सांगत उभ्या आहेत.

कागद तयार व्हायला वेळ होता. आम्ही कडुलिंबाखाली बाकावर बसलो. शैलाताई कल्प्यातली सकाळ कशी होती ते सांगत होत्या. समोरचा डोंगर आधी राखाडी होता, म्हणाल्या, मग टोकाला गुलाबी झाला, मग तो रंग खाली उतरत आला, अगदी सावकाश, आणि त्यांच्या पायाशी आला तेव्हा थंडी गेली. "मी काहीही मोजलं नाही," त्या म्हणाल्या.

मी डोळे मिटून ऐकत होते. मला ते दिसत होतं.

यार्डातल्या माणसाने गाडी आत नेऊन लावली आणि किल्ली घेऊन परत आला. शैलाताईंना म्हणाला, "आंटीजी, ब्रेक तो बिल्कुल नए हैं. इतने अच्छे ब्रेक वाली गाड़ी यहाँ नहीं आती."

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी उगाच कागद नीट करायला लागले. मग आतून त्यांचं नाव पुकारलं. त्या उठल्या, टेबलापाशी गेल्या, चष्मा न लावता सगळा कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि सही केली. परत येऊन पर्स खांद्याला अडकवत म्हणाल्या, "चला. भूक लागली. जेवायला कुठे जायचं?"